भिवराबाई, तुमचा डोंगा मी लिहिला नाही

भिवराबाई,

तुमच्या नावाची नोटीस परत आली. करीमभाऊंनी ती कोर्टाच्या व्हरांड्यात माझ्यापुढं धरली आणि सवयीनं आधी पाठ दाखवली. ते बेलीफ; त्यांचं सगळं लिखाण कागदाच्या पाठीवरच असतं. तिथं त्यांच्या बारीक, तिरप्या अक्षरात एक ओळ होती : 'सदर बाई मयत. बजावणी झाली नाही.' खाली दोन पंचांचे अंगठे.

"तापानं गेली," ते म्हणाले. "पाच रोज झाले. मी गेलो त घरासमोर लोकं बसले होते. मले वाटलं दुसऱ्या कोनाचं असंल."

मी नोटीस हातात घेतली नाही. तुमचा अर्ज नामंजूर झाल्यावर समोरच्या पक्षाचा खर्च तुमच्यावर बसला होता, त्याची ती नोटीस. ती येणार हे मला माहीत होतं. तुम्हाला येऊन सांगावं असं रोज वाटत होतं, आणि रोज मी कोर्टासमोरच्या चिंचेखाली बसून दुसऱ्या कुणाचे तरी कागद लिहीत होतो.

चांद्याच्या कोर्टात आता तुमचं काही उरलं नाही. कारकुनानं कागदांचा बस्ता बांधून वर टाकला. माझ्याजवळ मात्र एक गोष्ट उरली आहे. ती तुम्हाला ठाऊक होती, करीमभाऊंना ठाऊक होती आणि मला. तुम्ही ती कुणाला सांगितली नाहीत. तुम्ही असताना मीही सांगितली नाही.

तुम्ही पहिल्यांदा आलात तो दिवस. सावली गावाकडून मूल स्टेशनापर्यंत पायी, तिथून रेल्वेनं. हातात कापडात बांधलेला पोलीस पंचनाम्याचा कागद. तुम्हाला वाचता येत नव्हतं, पण त्यातली एक ओळ कुठं आहे हे ठाऊक होतं. बोट ठेवून म्हणालात, "हे खोडून पायजे."

ओळ अशी होती : 'सदर इसम मद्याच्या नशेत नाव हाकीत असताना तोल जाऊन पाण्यात पडला.'

गंगाराम, तुमचे यजमान, वैनगंगेच्या घाटावर ठेकेदाराच्या नावेवर नावाडी होते. नदी चढलेली, नावेची एक फळी सुटलेली. तरी ठेकेदारानं माणसं पलीकडं न्यायला लावलं. नाव मध्यात फुटली. चार जण पोहून निघाले. गंगाराम एका म्हातारीला काठाकडं लोटत राहिले, म्हातारी वाचली, ते दोन दिवसांनी खालच्या डोहात सापडले. ठेकेदाराच्या माणसांनी जबाब दिले की तो प्यालेला होता.

"सकाळी पेज पिऊन निघाला, तोंडाले दारूचा वास नवता. दोन दिवस पान्यात राह्यलेल्या मानसाच्या तोंडाचा वास कोनं घेतला?" तुम्ही मला विचारलंत, जणू तो जबाब मीच दिला होता.

मी म्हणालो, कोर्ट पंचनाम्यातली ओळ खोडत नाही. नुकसानभरपाईचा दावा लावावा लागेल. त्यात ठेकेदाराला सिद्ध करावं लागेल की गंगाराम प्यालेले होते. नाही करता आलं तर निकालात तसं लिहिलं जाईल.

"मंग पैसे नाई भेटले तरी चालते. लिहून आलं पायजे."

"पण बाई, दावा पैशाचाच लावावा लागतो."

"लावा मंग. वीस वर्सं त्यानं लोकायले पार नेलं. लग्नाच्या वराती नेल्या, बायंतिनी नेल्या. नावाड्याले दारुडा म्हनलं का त्याच्या साऱ्या खेपा खोट्या होते."

मी त्या वेळी तेवीस वर्षांचा होतो. माझे वडील छापखान्यात कंपोझिटर. मी अक्षरं शिकलो ती पत्रकांच्या कच्च्या छापांवर, शिशाच्या वासात. घरात पोथी नव्हती, पत्रकं होती. कुठं मजुरांचा संप, कुठं जंगलाच्या हक्कासाठी मोर्चा, कुठं सभेचं बोलावणं. वडील म्हणत, वाक्य असं जुळव की रस्त्यानं जाणारा थांबला पाहिजे. मालगुजारी, म्हणजे गावोगावची जमीनदारी, नुकतीच गेली होती आणि मला वाटत होतं, बाकीचं सगळंही वाक्यांनीच जाईल. म्हणून मी कोर्टासमोर बसून गरिबांचे अर्ज फुकट लिहायचो. अर्ज लिहायची सनद नव्हती. तिथले अर्जनवीस मला 'महात्मा' म्हणून चिडवायचे. त्या शब्दानं मी चिडत नसे, उलट मला तो आवडायचा, हेही आज कबूल करतो.

दाव्याचा स्टॅम्प भरायला तुमच्याकडं पैसा नव्हता. अशा माणसासाठी कायद्यात नादारीचा अर्ज आहे. आधी कोर्ट तपासतं की हा माणूस खरोखर नादार आहे की नाही. पटलं तर स्टॅम्पाशिवाय दावा दाखल करून घेतं. त्या अर्जाला एक यादी जोडावी लागते. घरात जे जे आहे ते सगळं त्यात.

नादारीचा अर्ज मी त्याआधी एकही लिहिला नव्हता. हे मी तुम्हाला सांगितलं नाही.

चिंचेखाली, करीमभाऊ शेजारी बसून ऐकत असताना, तुम्ही पोत्यावर बसलात आणि बोटं मोडत घर सांगायला लागलात. "दोन मडके. एक जर्मनचा गंज, त्याले एक कान नाई. जातं. सूप दोन, एक फाटलं हाय. जाळं, थे त्याचं. एक कोंबडी."

मी हसलो. "बाई, एवढं लिहिलं तर तुम्ही मालगुजार दिसाल."

"मंग कोंबडी नका लिहू. थे आज-उद्या मरतेच." तुम्हीही हसलात. समोरचे दोन दात नव्हते तुमचे; हसताना तुम्ही पदर तोंडावर घेत होता. मग पदर काढून म्हणालात, "आन डोंगा हाय."

"कुठं?"

"पान्यात."

मला वाटलं चालतोय. तुम्ही समजावून सांगितलंत. गंगारामनं स्वतः कोरलेला, एका खोडाचा डोंगा. ठेकेदाराची नाव वेगळी; हा घरचा, मासोळीसाठी. ते गेल्यावर चालवणारं कोणी नव्हतं, म्हणून तुम्ही त्यात दगड भरून तो डोहात बुडवून ठेवला होता. "उन्हात राह्यला का लाकूड फाटते. पान्यात ठेवलं त दहा वर्सं काई होत नाई. कोनाले लागला त काढता येते."

माझ्या डोक्यात तोवर वाक्य तयार झालं होतं. तुम्ही डोंग्याबद्दल बोलत होता आणि मी त्या वाक्याचा तोल बघत होतो. मी लिहिलं : 'अर्जदार विधवेजवळ अंगावरील जीर्ण वस्त्राखेरीज या पृथ्वीतलावर स्थावर अथवा जंगम असे काहीही नाही.'

वाचून दाखवलं.

"हे खरं नाई ना पन."

"बाई, कोर्टात असंच लिहितात."

"मडके?"

"मडकी कोण मोजतं?"

"डोंगा?"

"पाण्यात बुडालेली वस्तू मालमत्ता कशी होईल?"

तुम्ही माझ्याकडं पाहिलंत. रागानं नाही. पुलावरून जाणारा माणूस जसा खालच्या पाण्याकडं एकदा बघून घेतो, तसं. मग अंगठा पुढं केलात. "कागद तुमचा, अंगठा माझा. बरोबर लिहिलं असंल त ठीक."

पहिल्या तारखेला तुम्ही स्वतः अर्ज हातात घेऊन साहेबांसमोर उभ्या राहिलात, कारण नादारीचा अर्ज माणसानं जातीनं द्यावा लागतो. साहेबांनी त्या दिवशी फक्त नाव कशी फुटली तेवढं विचारलं. तुम्ही फळी कुठली, खिळा कुठला, पाणी कुठून आलं हे हातानं दाखवलंत. साहेब लिहिता लिहिता थांबून बघत राहिले. मालमत्तेचं पुढच्या तारखेला, समोरच्या पक्षासमक्ष बघू म्हणाले, आणि ठेकेदाराला नोटीस निघाली.

ती नोटीस दोनदा परत आली. करीमभाऊ दोनदा सायकल घेऊन गेले. दोन्ही वेळा ठेकेदाराच्या मुनीमानं सांगितलं, मालक नागपूरला आहेत. तारीख पुढं गेली. मी करीमभाऊंवर तुटून पडलो. म्हणालो, दाराला चिकटवून या, कायद्यात आहे. ते म्हणाले, "चिकटवतो ना. मंग तो म्हणंल बकरीनं खाल्लं. बकरीची साक्ष तू लिहिशील का?"

"तुम्ही सरकारी माणूस, तुम्हाला घाई कशाला असणार?"

"मले घाई नाई, बाबू. मले बजावायचं हाय." आणि मग, शांतपणे : "ओळख पटवाले बाईले पाठव माझ्यासंगं. मी त्याले कधी पाह्यलं नाई. मुनीम म्हणते मालक नाई, आन मागं कोन बसला हाय ते मले काय माहीत?"

तो मूलचा बाजार आठवतो? धानगिरणीच्या भिंतीला लागून न्हाव्यांची रांग बसते. तुम्ही, करीमभाऊ आणि मी. सकाळपासून तांदळाच्या, मिरचीच्या, मडक्यांच्या ओळींतून फिरत होतो. तुम्हीच त्याला पाहिलंत. ठेकेदार लाकडी खुर्चीवर, गळ्याला फडकं, अर्धा गाल साबणानं पांढरा.

"हाच."

करीमभाऊंनी नोटीस काढली. ठेकेदार न हलता म्हणाला, "मी तो नाही."

तुम्ही पुढं झालात, खाली वाकून त्याचा मोकळा गाल नीट पाहिलात आणि न्हाव्याला म्हणालात, "दादा, दुसरी बाजू बी पुसून दाखव. अर्दा त थोच हाय."

न्हावी वस्तरा धरून हसायला लागला. शेजारचे सगळे हसले. ठेकेदाराला उठताही येईना, पळताही येईना. त्यानं चिडून सही केली. कागदाला साबण लागला. करीमभाऊंनी पाठीवर लिहिलं, 'समक्ष बजावली', आणि न्हाव्याची पंच म्हणून सही घेतली. "बयाबापू, जिंदगीत अशी बजावणी नाई केली," असं म्हणत ते घरापर्यंत हसत गेले.

त्या दिवशी परतीच्या वाटेत तुम्ही मला चिंचगोळ्या घेऊन दिल्यात. मी नको म्हणालो, म्हणजे तुमच्याकडचा पैसा खर्च होईल म्हणून. तुम्ही म्हणालात, "लिहिनाऱ्याचं तोंड कोरडं राह्यलं का अक्षर बी कोरडं येते." मला वाटलं होतं आपण जिंकलो. तुम्हालाही वाटलं असेल. मी पुढच्या निकालाचं पत्रक मनात जुळवायला घेतलं होतं.

ठेकेदारानं नोटीस घेतली आणि वकील केला. घाटावर राहणाऱ्या माणसाला डोहात काय आहे हे ठाऊक असतंच. वकिलानं कोर्टात अर्ज दिला की ह्या बाईनं मालमत्ता लपवली आहे, बेलीफ पाठवून बघावं. साहेबांनी करीमभाऊंना पाठवलं. त्यानंतरचं मला त्यांनीच सांगितलं. ठेकेदाराच्या माणसांनी दगड काढून डोंगा वर ओढला, रेतीवर ठेवला. करीमभाऊंनी लांबी-रुंदी लिहून घेतली, पंचांचे अंगठे घेतले. मग म्हणाले, आता परत बुडवा. ती माणसं म्हणाली, आमचं काम काढायचं होतं, बुडवायचं नाही. आणि निघून गेली.

चैत्राचं ऊन. ओला डोंगा चौघांना उचलत नाही, तुम्ही दोघं काय करणार? करीमभाऊंनी पळसाची पानं तोडून त्यावर पसरली. तुम्ही मडक्यानं पाणी आणून ओतत राहिलात. संध्याकाळपर्यंत. "मी म्हनलं, बाई, बस कर. ती म्हनली, तुमी जा, तुमची तारीख हाय," करीमभाऊंनी सांगितलं.

चौथ्या दिवशी डोंगा उभा फाटला.

आणि कोर्टातली ती तारीख. ठेकेदाराच्या वकिलानं तुम्हाला विचारलं, "तुझ्याकडे डोंगा आहे?"

"होता," तुम्ही म्हणालात. "तुमच्या मानसानं काढला तवापासून लाकडं हाय."

"पण अर्ज दिला तेव्हा होता?"

"होता."

"कुठं होता?"

"पान्यात."

कोर्टात हशा झाला. साहेबांनी हात वर केला. त्यांनी तुमच्याकडं बघून सावकाश विचारलं, "बाई, मग यादीत का लिहिला नाही? लिहिणाऱ्याला सांगितला नव्हता का?"

मी तिसऱ्या बाकावर बसलो होतो. तुम्ही मागं वळून पाहिलंत. मी उठायचं होतं. उठून एवढंच म्हणायचं होतं, साहेब, सांगितला होता, मी लिहिला नाही. मला दिसत होतं की माझ्यापुढं एक वहाण आहे, तिचा अंगठा तुटलेला आहे, आणि मी त्या वहाणेकडं बघत राहिलो.

"नाई," तुम्ही म्हणालात. "मी नाई सांगतलं त्याले."

साहेबांनी लेखणी खाली ठेवली. ते म्हणाले, आणि हे मी तुम्हाला कधी नीट समजावून सांगितलं नाही, की डोंगा यादीत असता तरी तुम्ही नादारच ठरल्या असत्या. एका डोंग्यानं दाव्याचा स्टॅम्प भरत नाही. मडकी, जातं, जाळं, कोंबडी, डोंगा, सगळं लिहिलं असतं तरी अर्ज मंजूर झाला असता. "अर्ज डोंग्यामुळं नामंजूर होत नाही. लपवल्यामुळं होतो." आणि एकदा असा नामंजूर झालेला अर्ज त्याच दाव्यासाठी पुन्हा देता येत नाही. स्टॅम्प भरून दावा लावा, नाहीतर सोडा.

आदेशात लिहिलं गेलं : 'अर्जदाराने हेतुपुरस्सर मालमत्ता दडविली.'

एक खोटी ओळ खोडायला तुम्ही आला होता. माझ्यामुळं दुसरी लिहिली गेली. आणि डोंगा फाटल्यावर तुमच्या घरात खरोखर काही उरलं नाही, तेव्हा माझं ते वाक्य खरं झालं.

बाहेर आल्यावर मला वाटलं होतं तुम्ही मला बोलाल. मी तयारीत होतो. तुम्ही फाटकाजवळ थांबून पाणी प्यालात आणि म्हणालात, "तुमचं नाव आलं असतं त ते तुमाले इथी बसू देते का?"

"नाही."

"मंग बाकीच्यायचे कागद कोन लिहिते?"

मी म्हणालो, बाई, तुम्ही खोटं बोलायला नको होतं. होय, हेच म्हणालो. त्या क्षणी माझ्याकडं तुम्हाला म्हणायला एवढंच होतं. तुम्ही पदर डोक्यावर घेऊन स्टेशनाकडं गेलात. आपलं भांडण तिथं अर्धं राहिलं आणि अर्धंच राहणार.

त्या आठवड्यात मी पत्रक काढलं. वडिलांनी रात्रंदिवस उभं राहून जुळवलं. मथळा मोठ्या टायपात : न्यायाचे दार कोणासाठी? त्यात ठेकेदार होता, वकील होता, हसणारं कोर्ट होतं. साहेबांचं ते वाक्य नव्हतं. मी एक प्रत घेऊन तुमच्या गावी आलो. तुम्ही चुलीपुढं बसला होता. म्हणालात, वाचा. मी उभा राहून वाचलं, सभेत वाचतात तसं. तुमच्या शेजारणी दारात येऊन ऐकत होत्या, एकीनं तर डोळे पुसले.

वाचून झाल्यावर तुम्ही म्हणालात, "चांगलं हाय." मग चुलीत काडी सरकवत, "डोंग्याचं कुठी हाय याच्यात?"

मी म्हणालो, "जागा पुरली नाही."

तुम्ही मान हलवलीत. मला वाटतं, तुम्ही माझी कीव केलीत. मी ते पत्रक तुमच्या दाराशी ठेवून निघालो, आणि पुन्हा तुमच्या गावी गेलो नाही. पहिल्या महिन्यात म्हणायचो वेळ नाही. मग म्हणायचो, आता कोणत्या तोंडानं जाऊ. मग तर काहीच म्हणेनासा झालो. करीमभाऊ अधूनमधून सांगायचे, बाई धान रोवायला जाते, बाई बरी आहे, बाईनं विचारलं लिहिणारा कसा आहे. मी विचारायचो, अजून काय म्हणाल्या? ते म्हणायचे, "आनखी काई नाई. एवढंच."

चिंचेखाली मी अजून बसतो. लोक येतात, मी लिहितो. आता यादी लिहिताना माणूस कंटाळेपर्यंत विचारतो : सूप? चाळणी? गोठ्यातला खुंटा? पाण्यात, झाडावर, दुसऱ्याच्या घरी ठेवलेलं? लोक हसतात, म्हणतात, हा तर तलाठ्याच्या वरताण. अर्ज मंजूर होतात. दर मंजूर अर्जाला मला सगळ्यात आधी तुम्हाला सांगावंसं वाटतं. सांगायला कोणी नसतं. अर्जनवीस आता मला महात्मा म्हणत नाहीत. करीमभाऊंशीही मी मोजकं बोलतो, कारण त्यांना माहीत आहे, आणि ज्याला माहीत आहे त्याच्यापुढं गप्प बसणं फार जड जातं. पत्रकं मी गेल्या पावसाळ्यापासून लिहिलेली नाहीत. वडील विचारतात, काय झालं. मी म्हणतो, काही सुचत नाही.

तुमच्या तेरवीला मी आलो. मूलहून पायीच आलो. तुम्ही किती चाललात ते पायांना कळावं म्हणून नव्हे, बैलबंडी मिळाली नाही म्हणून. पुढच्या दोन कोसांत मात्र ते कळलं.

मंडळी जेवून बसली होती. गंगारामचे मोठे भाऊ सोमाजी यांनी मला ओळखलं. "कोर्टाचे बाबू आले," म्हणाले आणि सतरंजीवर जागा केली. म्हणजे त्यांना काही ठाऊक नव्हतं. तुम्ही घरातसुद्धा सांगितलं नव्हतं.

मी बसलो नाही. उभ्यानंच सांगितलं. तुम्ही डोंगा सांगितला होता. मी लिहिला नाही. कोर्टात विचारलं तेव्हा मी गप्प बसलो आणि बाईंनी दोष स्वतःवर घेतला.

एक बाई आत गेली ती बाहेर आली नाही. सोमाजीभाऊ जाळ्याची गाठ सोडवत बसले होते, ते तसेच सोडवत राहिले.

"तवा काऊन नाई बोलले?"

"भ्यालो."

"कोनाले?"

साहेबांना मी भ्यालो नव्हतो. अर्जनविसांना, त्यांच्या हसण्याला भ्यालो असेन. एवढ्याशा गोष्टीला भ्यालो हे त्या अंगणात उच्चारताही येईना.

"लोकं म्हनत होते, भिवरा लबाड निघाली," सोमाजीभाऊ म्हणाले. "बाजारात म्हनत होते. आमी बी..." त्यांनी गाठ सोडली नाही, दातानं तोडली. "ठेकेदारानं लिहिलं, कोर्टानं लिहिलं. आता तुमी बी लिहून द्या. आमच्याजवळ बी एक कागद राहू द्या."

मी ओट्यावर बसून लिहिलं. नाव घातलं, गाव घातलं, बापाचं नाव घातलं. 'भिवराबाईने डोंगा मला सांगितला होता. मी यादीत लिहिला नाही. दोष माझा आहे.' त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी ऐकलं आणि थांबले, जणू अजून काही यायचं आहे.

"आन गंगारामचं?"

"ते मी कसं लिहू? मी घाटावर नव्हतो."

"पत्रकात त लिहिलं होतं, प्यालेला नव्हता म्हनून. मोठ्या अक्षरात."

लिहिलं होतं. न पाहता लिहिलं होतं, तुमच्या तोंडून ऐकून, आणि माझं स्वतःचं असल्यासारखं. सोमाजीभाऊ मला पकडत नव्हते, नुसतं विचारत होते. अंगणातली सगळी माणसं माझ्या हातातल्या लेखणीकडं बघत होती.

मग मी जे मला खरोखर माहीत आहे तेवढं लिहिलं, आणि तुमच्या माणसांसमोर मोठ्यानं वाचलं, भिवराबाई. 'त्या सकाळी गंगाराम पेज पिऊन घरातून निघाला आणि त्याच्या तोंडाला दारूचा वास नव्हता, असे मला त्याच्या बायकोने सांगितले. त्या बाईला मी दोन वर्षे ओळखत होतो. त्या काळात तिला मी एकदाच खोटे बोलताना ऐकले, आणि ते माझ्यासाठी होते.'